फादर, तेवढी जागा मी मुद्दाम सोडली

दोन हजार चोवीस साल, अन् मी त्र्याहत्तर वर्षांचा. या वयात कोणी मला वही आणून देईल अन् म्हणेल, दयारामजी लिहा, असं वाटलं नव्हतं. नवीन फादरांनी आणून दिली. तुमच्या जागी आले ते. म्हणाले, "त्यांच्या आठवणींची स्मरणिका काढतो आहोत. तुम्ही त्यांना फार जवळून ओळखत होते. दोन चांगले शब्द लिहा." मी म्हटलं, मी चौथीपर्यंत शिकलेला न्हावी. चांगले शब्द मला येत नाहीत, खरे येतात. चालतील का? ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करून राहिला.

तर फादर, ऐका. तुम्ही मेले म्हणून मी तुम्हाला सोडणार नाही. मेल्यावर माणसाला सगळे सोडतात, म्हणून तर सगळे खुशीने मरतात.

तुम्ही कुठं जन्मले, काय काय शिकले, या शाळेत कोणत्या साली आले, ते बाकीचे लिहितील. देवमाणूस होते असंही लिहितील. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुमचा गळा माहीत आहे. गळ्यातल्या उंचवट्याच्या, घाटीच्या खाली डाव्या अंगाला एक तीळ, अन् त्याच्या बाजूचे केस उलटे वाढतात, खालून वर. तिथं वस्तरा सरळ चालवला की रक्त निघते. अठरा वर्षं तिथं मी एकदाही रक्त काढलं नाही. शेवटी शेवटी काढावं असं फार वाटलं, तरी नाही काढलं. हे पहिलं लिहून ठेवतो.

तुम्ही आले तेव्हा तुमची मराठी पुस्तकातली होती. पोट्ट्यांना म्हणायचे, "आपण कृपया रांगेत उभे राहाल का?" अन् पोट्टे पोट धरून हसायचे. महिन्याच्या दुसऱ्या अन् चौथ्या शनिवारी सकाळी मी हॉस्टेलच्या चिंचेखाली खुर्ची टाकायचो. चाळीस-पंचेचाळीस डोकी. बिरसीच्या विमानतळावरचं विमान वरून गेलं की खुर्चीतला पोट्टा मान वर करणार, अन् माझी कैची त्याच्या कानाला लागणार. तुम्ही पहिल्या शनिवारी येऊन उभे राहिले, सगळं पाहिलं, अन् शेवटी स्वतः येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, "माझी दाढी कराल?" मी तुमच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हटलं, "मान खाली, फादर. खुर्चीत सगळे सारखे."

मी सरपंचाची मान दाबली आहे, नायब तहसीलदाराची दाबली आहे. मोठ्या माणसाची मान दाबली की ती आधी थोडी अडते. तुमची नाही अडली. लेकरासारखी खाली गेली. त्याच दिवशी तुम्ही मला आवडले. लिहून ठेवलं. आता पुन्हा म्हणू नका की दयारामनं चांगलं काही लिहिलं नाही.

तुमच्या खोलीच्या दारावर पाटी लागली, पालकीय सेवा, प्रमुख. मी वाचली अन् विचारलं, "हे का काम असते जी?"

"मुलांचं मन सांभाळायचं, दयारामजी."

"अन् मनातलं समजते कसं?"

"ऐकायचं."

"मंग तुमची खोली कायले पाहिजे? माह्या खुर्चीजवळ येऊन बसा ना."

मी तर टोमणा मारला होता. तुम्ही खरंच पुढच्या वेळी स्टूल घेऊन आले अन् बाजूला बसले. तीन पोट्टे झाले. तिघंही मुके. चौथ्याला तुम्हीच उठले. दुपारी मला विचारलं, "माझ्यासमोर बोलत नाहीत, तुमच्यासमोर का बोलतात?"

मला तोपर्यंत कोणी हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं, चादर टाकली की हात आत जातात. मान खाली असते. मी मागं उभा. माझं तोंड त्याला दिसत नाही, त्याचं मला दिसत नाही. अन् कोणाचे तरी दोन हात डोक्यावर फिरून राहिले की घर आठवतेच. मंग बोलते पोट्टा. मी काही विचारत नाही, फादर. विचारलं की बंद होते.

तुम्ही स्टूल ओढून बसले. मंग म्हणाले, "आमच्या चर्चमध्येही असंच असतं. मध्ये जाळी, समोरचा दिसत नाही. पण तुमच्याकडे गर्दी जास्त आहे."

गर्दी जास्तच राहणार. हॉस्टेलात तुमच्या धर्माचे पोट्टे किती? बोटावर मोजा. बाकी पोवारांचे, बौद्धांचे, गोंडांचे, आमच्यासारख्यांचे. ते तुमच्या जाळीसमोर कायले येतील? पण केस तर सगळ्यांचे वाढतात.

अशी आपली रीत पडली. सगळे पोट्टे झाले की शेवटी तुमची दाढी; बाकी दिवस तुमची तुम्हीच करायचे. मी साबण लावायचो, अन् सांगायचो. कोणाला घरची आठवण येऊन राहिली, कोण जेवत नाही, कोणाला मोठे पोट्टे छळून राहिले. तुमच्या तोंडाला फेस, गळ्यावर वस्तरा. तुम्हाला बोलता यायचं नाही. नुसतं ऐकायचं. गरम पाण्याचा रुमाल फिरवला की तुम्ही एक वाक्य बोलायचे अन् उठायचे. मला ते फार पटायचं. मी मनात म्हणायचो, या माणसाला ऐकायला शिकवलं कोणी? मी शिकवलं.

एक सहावीचा पोट्टा अंथरूण ओलं करायचा. माझ्या खुर्चीत बसून रडला. मी तुम्हाला सांगितलं. रुमाल फिरवल्यावर तुम्ही म्हणाले, "सोमवारपासून सगळ्यांच्या गाद्या रोज उन्हात." बस एवढंच. सोमवारपासून पंचेचाळीस गाद्या रोज सकाळी गच्चीवर. कोणाची ओली, कोणाची कोरडी, कोणाला कळलं नाही. त्या पोट्ट्यालाही कळलं नाही की हे त्याच्यासाठी आहे. वॉर्डन तुम्हाला शिव्या घालायचा गादी उचलून उचलून. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "आमचा फादर हुशार आहे." 'आमचा' म्हटलं होतं मी. आता वाईट वाटते.

अन् देवरीकडच्या एका लेकराचा बाप मेला तेव्हा तुम्ही त्याला वर्गातून बाहेर बोलावून सांगितलं नाही. मोटरसायकलवर मागं बसवलं, म्हणाले चल, घरी जाऊन येऊ. थंडीचे दिवस, अन् तुम्ही तुमचं स्वेटर त्याला घातलं. गावाच्या अलीकडे नाल्यावर गाडी थांबवली, अन् तिथं सांगितलं. तीन दिवस तुम्ही त्याच्या घरच्या ओसरीवर झोपले. परत आले तेव्हा तुमची दाढी वाढली होती, अन् मी पहिल्यांदा तुम्हाला वाढलेल्या दाढीत पाहिलं. मी शनिवार नसताना येऊन केली. 

हे झालं चांगलं. आता नितेश.

नितेश सातवीत होता. तिरोड्याच्या बाजूचा. बापाचं तिथं दुकान. पोरगा गुपचूप, अक्षर चांगलं. त्याच्या डोक्याला हात लावला अन् मला वास आला. हॉस्टेलात सगळ्यांना खोबरेल. एका मोठ्या डब्यातून, रविवारी. याच्या डोक्याला तिळाचं तेल. अन् वरवर चोपडलेलं नाही, मुळापर्यंत जिरवलेलं. असं तेल पोट्टा स्वतः लावत नाही. न्हाव्याच्या हाताला हे सांगावं लागत नाही.

मी म्हटलं, "कोनं लावून देल्लं रे तेल?"

मी विचारत नाही म्हटलं ना? त्या दिवशी विचारलं. माझी पहिली चूक तीच.

चादरीखालून हळूच आवाज आला. "माय येते."

मायनं नवरा सोडला होता. फुलचूरला एक खोली घेऊन राहायची, राइस मिलमध्ये कामाला जायची. बापानं पोरगा ठेवून घेतला अन् मायला भेटायचं नाही असं बजावलं. शनिवारी सकाळी पोट्टे हॉस्टेलच्या मागं कपडे धुतात, तिथं तारेची जाळी आहे. ती कामावर जायच्या आधी त्या जाळीपाशी यायची. आत तर येता येत नव्हतं. पोरगा जाळीला डोकं लावून बसायचा, अन् ती जाळीतून बोटं घालून त्याच्या डोक्याला तेल लावून द्यायची. दहा मिनिटं. मंग तो कपडे वाळत टाकायचा अन् ती मिलला जायची.

"कोनाले सांगजा नका, काकाजी."

"नाही सांगत, बाप्पा."

अन् तासाभरानं मी तुम्हाला सांगितलं. साबण लावता लावता. कारण मला वाटलं, फादर आहेत. फादर तिला गेटमधून आत आणतील. पाहुण्यांच्या बाकड्यावर बसवतील. चहा देतील. पोरगा तिच्या मांडीवर डोकं ठेवून तेल लावून घेईल. मला हेच दिसून राहिलं होतं, म्हणून सांगितलं. सांगताना मी हसत होतो, फादर. तुम्ही फेसाच्या आतून डोळे उघडले. नेहमी मिटून राहायचे. उघडले तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

रुमाल फिरवला. तुम्ही म्हणाले, "प्रवेशाच्या फॉर्मवर सही वडिलांची आहे."

बस. एक वाक्य.

सोमवारी बाप जीप घेऊन आला. पोरगा, पेटी, गादी, सगळं टाकलं अन् गेला. तुम्ही फोन केला होता. बापाला कळवणं तुमचं काम, असं तुम्ही म्हणाले. मी मंगळवारी खुर्ची नसताना आलो, तुमच्या खोलीत. पाटीच्या दारातून पहिल्यांदा आत आलो.

"त्या पोट्ट्याले परत आना."

"दयारामजी, मी त्याच्या वडिलांना समजावून सांगायला फोन केला होता. घेऊन जा असं म्हटलं नव्हतं."

"तुमी का म्हटलं ते नका सांगू. का झालं ते पाहा."

"लपवून ठेवलं असतं आणि ती त्याला उचलून घेऊन गेली असती तर? मी काय उत्तर दिलं असतं?"

"माय आपल्या पोराले उचलून नेते? कोंबडं हाये का तो?"

तुम्ही डोक्याला हात लावला. मी थांबलो नाही. "तुमच्या जाळीतलं गुपित कोनी मारलं तरी तुमी सांगत नाही. मंग माही खुर्ची काऊन उघडी?"

तुम्ही जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवते. "तिथलं देवाकडे जातं, दयारामजी. तुमचं माझ्याकडे आलं. माझ्याकडे आलं की मला काहीतरी करावं लागतं."

"तं कान कायले देल्ला?" असं म्हणून मी निघून आलो.  याच्या उत्तराची अजून वाट पाहून राहिलो आहे.

माझ्या पुढच्या शनिवारी नितेशची माय आली, मधला तिला जमला नसेल. मी त्या दिवशी लवकर येऊन चिंचेखाली सामान मांडून राहिलो होतो, तिथून जाळी दिसते. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पोट्टे कपडे धुवत होते, अन् ती एकेकाचं तोंड पाहून राहिली होती. वॉचमन गेला अन् म्हणाला, "बाई, तुमचा पोरगा नेला त्याच्या बापानं."  तिनं पिशवीतून तेलाची शिशी काढली, जाळीच्या खांबाजवळ ठेवली अन् म्हणाली, "त्याले पोचवून देजा." अन् मिलला गेली. मी तिथं होतो, फादर. वीस पावलांवर. मी उठलो नाही.

मी का उठलो नाही, ते आता सांगतो. कारण त्याच्या तासाभरानं प्रणय खुर्चीत बसला. नितेशच्या बाजूच्या पलंगावरचा, तेव्हा सहावीत. चादर टाकली, अन् तो म्हणाला, "काकाजी, नितेशचं तुमी सांगितलं का?"

रांगेतले सगळे ऐकून राहिले होते. मी कैची थांबवली नाही. म्हटलं, "मी काऊन सांगीन? मले का माहीत होतं?"

लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं.

मंग ते तुमच्याकडे गेले. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मोठ्या पोट्ट्यांनी उभं राहून विचारलं, काकाजी तर नाही म्हणतात, मंग तुम्हाला कोणी सांगितलं? हे मला पोट्ट्यांनीच नंतर खुर्चीत सांगितलं. तुम्ही म्हणाले, "कसं कळलं ते विचारू नका. फोन मी केला. राग माझ्यावर धरा."

पोट्ट्यांनी धरला. मनापासून धरला. तुम्ही जाळीच्या मागं लपून ऐकता असं ठरलं. तुमच्या ओसरीवरचा बाकडा, जिथं रोज संध्याकाळी चार-दोन पोट्टे बसलेले असायचे, तो रिकामा पडला. कोणी भिंतीवर चुन्यानं काही लिहिलं, ते तुम्ही स्वतः बादली घेऊन पुसलं. कोणाला घरची आठवण आली तरी तुमच्याकडे येईना. पाटी तेवढी दारावर. अन् माझ्या खुर्चीत? माझ्या खुर्चीत सगळे बोलत राहिले. पहिल्यापेक्षा जास्त. तुमच्याबद्दल बोलत राहिले. मी मागं उभा राहून ऐकत राहिलो.

त्याच्या पुढच्या माझ्या शनिवारी तुमची दाढी केली. मी वाट पाहून राहिलो होतो की रुमाल फिरवल्यावर तुम्ही म्हणाल, दयाराम, तू खोटं बोलला. मी उत्तर तयार ठेवलं होतं. एक नाही, वीस. तुम्ही उठले, बाही सरळ केली अन् म्हणाले, "पुढच्या वेळी परीक्षा आहे, जरा लवकर या."

हे मी तुम्हाला माफ करणार नाही. नितेशचं एक वेळ करीन. तुम्ही तिरोड्याला त्याच्या घरी दोनदा गेले, बापानं दारातून परत पाठवलं, हे मला माहीत आहे. चुकला अन् दुरुस्त करायला गेला, असा माणूस मला समजते. पण तुम्ही मला न विचारता माझं खोटं तुमच्या डोक्यावर घेतलं. मी आयुष्यात कोणाचा उपकार घेतला नाही. बापाच्या हातचा वस्तरा घेतला, बाकी सगळं माझं मी केलं. अन् तुम्ही महिन्यातून दोनदा माझ्यासमोर मान खाली घालून बसायचे अन् तो उपकार माझ्या हाताखाली ठेवायचे. भांडले असते तर मी जिंकलो असतो. तुम्ही भांडलेच नाही. लबाड माणूस.

मी त्यानंतर तुम्हाला काही सांगितलं नाही. साबण, वस्तरा, रुमाल. सव्वा दोन वर्षं.

मंग तुमच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा दवाखाना. उठणं कमी झालं. वॉचमन निरोप घेऊन आला, फादर दाढीला बोलावून राहिले. मी सांगितलं, माझे हात कापतात. पुन्हा आला. हात कापतात. तिसऱ्यांदा तुमची चिठ्ठी आली. तुमचं अक्षर वाकडं झालं होतं. लिहिलं होतं, "हात कापत असले तरी चालेल. मी हलणार नाही."

माझा हात कापत नाही, फादर. आजही नाही कापत. हे तुम्हाला माहीत होतं. मी चिठ्ठी घडी करून पेटीत ठेवली अन् गेलो नाही. रोज गुळगुळीत राहणारा माणूस दाढी वाढलेला मरू दे, असं मी ठरवलं होतं. एवढंच माझ्या हातात होतं, ते मी केलं. अन् मला त्याचा आनंद झाला, हेही लिहितो.

तुम्ही गुरुवारी गेले. शुक्रवारी सकाळी नवीन फादर माझ्या घरी आले. म्हणाले, "बॉडी चर्चमध्ये ठेवायची आहे. असं कसं ठेवणार? तुम्हीच करा." मी पेटी उचलली. का गेलो ते मला विचारू नका. बहुतेक तुम्ही माझ्या हाताखाली एकदा पुन्हा यावं असं वाटलं असेल.

दार लावून घेतलं. साबण लावला. मेलेल्या माणसाची दाढी करताना चामडी ताणून धरावी लागते, ती स्वतः ताण देत नाही. अन् मी बोललो. सव्वा दोन वर्षांचं सगळं बोललो. शिव्या दिल्या. आईवरून नाही, बाकी सगळ्या दिल्या. नितेशची शिशी सांगितली, प्रणयला काय म्हटलं ते सांगितलं, चिठ्ठी सांगितली. तुम्ही नेहमीसारखे ऐकून राहिले. मी रुमाल फिरवला, अन् सवयीनं थांबलो. एका वाक्यासाठी.

मंग पुन्हा वस्तरा घेतला अन् डाव्या अंगाची तिळाजवळची जागा, जिथले केस उलटे वाढतात, ती तेवढी तशीच राहू दिली. चार-सहा केस. कॉलर लागली की दिसत नाही. मुद्दाम सोडली. बिशप आले, सिस्टर आल्या, सगळ्यांनी तुमचं तोंड पाहिलं, म्हणाले किती शांत, किती स्वच्छ. मला एकट्याला माहीत होतं की तुमची दाढी पूर्ण झालेली नाही. तुम्ही ती तशी घेऊन गेले. तुमच्यावर माझा राग आहे, तो तिथं ठेवला आहे. तुमच्या देवाला विचारू द्या हे काय म्हणून.

शाळेच्या मागच्या कब्रस्तानात तुम्हाला नेलं. पोट्टे रांगेनं उभे. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. माझ्या मागं प्रणय उभा होता, आता नववीत, मिशी फुटून राहिली. त्यानं बाजूच्याला हळूच म्हटलं, "गेला चुगलखोर. आता कोनाच्या मायचं सांगन?" अन् दोघं हसले. हसू दाबताना त्यांच्या नाकातून आवाज आला.

माझ्या हातात माती होती.  माती टाकली अन् घरी गेलो. बायकोनं विचारलं, जेवत काऊन नाही? म्हटलं, भूक नाही.

दुसऱ्या दिवशी जे केलं ते तुमच्यासाठी केलं असं समजू नका. तुमचं नाव धुवायला मी गेलो नाही, त्यासाठी तुमची कपडे धुणारी बाई आहे. मला तुमच्या हातातून ते काढून घ्यायचं होतं. माझं खोटं घेऊन तुम्ही माझ्यापेक्षा मोठे होऊन झोपले, हे मला चालणार नव्हतं. ते माझं आहे. मीच ठेवणार.

शनिवार होता, चौथा. मी नेहमीच्या वेळी गेलो, चिंचेखाली खुर्ची टाकली, दोरीवर चादर झटकली. रांगेत पहिला प्रणय. तो बसायला आला, तर मी खुर्चीवर हात ठेवला.

"थांब. काल मागं जे बोलला ते मी ऐकलं."

त्याचं तोंड उतरलं. "नाही काकाजी, आमी तं असंच..."

"रागवून नाही राहिलो. पण मानूस चुकीचा धरला तुमी. नितेशचं फादरले मी सांगितलं होतं. मी, या खुर्चीतलं."

"पन तुमी तं नाही म्हटले होते."

"खोटं बोललो."

रांगेत मागून एक पाचवीचा लहानगा, ज्याला नितेश कोण तेही माहीत नाही, त्यानं विचारलं, "काऊन?"

"भेलो, बाबू," मी म्हटलं. "तुमी बोलनं बंद कराल म्हून भेलो."

 मला वाटलं, प्रणय जाईल. नाही गेला. माझा हात बाजूला केला अन् बसला. चादर स्वतःच ओढून गळ्याला लावली. मान खाली केली.

मी केस कापायची मशीन सुरू केली. दुपारी बारापर्यंत त्रेचाळीस डोकी झाली. एकही पोट्टा बोलला नाही. एवढी वर्षं हातात धरली, पण त्या मशीनचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी समजलं.